तप्पु नावाचं बटण

पारंपरिक ज्ञानाचं जतन ही मानवजातीने आपल्या पिढीवर सोपवलेली पवित्र जबाबदारी आहे.

हे वाक्य माझं नव्हे. आमच्या चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारी ते इंग्रजीत लावलेलं होतं. खाली एका आदिवासी बाईचा हसरा फोटो. ती बाई कोण, कुठली, हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. फोटो विकत घेतलेला होता. पुढे आग लागल्यास कुठून पळायचं याचा नकाशा लावायला भिंत हवी झाली, तेव्हा मानवजातीची जबाबदारी तीन फूट डावीकडे सरकवली आणि ती बाई पाण्याच्या मशीनमागे गेली.

या जबाबदारीसाठी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने एक अ‍ॅप काढायचं ठरवलं आणि दोन माणसं नेमली. एक मी. पडद्यावर दिसणारे शब्द लिहिणं हे माझं काम. 'पुढे जा', 'मागे या', 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असलं माझं वाङ्मय आहे. दुसरे सार. चेन्नईत 'सर'ला 'सार' म्हणतात. पहिले काही दिवस मला आमसुलाची आठवण यायची, मग सवय झाली.

सार सत्तरीला आलेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या बोलण्यात 'मज' आणि 'तुज' अजून हिंडतेफिरते होते, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. माझ्या मराठीला ते 'रेडिओची मराठी' म्हणत. आयुष्यभर त्यांनी एका बँकेच्या मुख्य कचेरीत फॉर्म बनवले होते. पैसे भरायचा, काढायचा, पासबुक हरवल्याचा. कॉम्प्युटर त्यांना येत नसे. तरी त्यांना घेतलं, कारण ते आमच्या उपाध्यक्षांच्या वडिलांचे जुने सहकारी होते आणि प्रकल्पाच्या कागदावर 'ज्येष्ठ सल्लागार' असा एक रकाना रिकामा होता.

रिकाम्या रकान्याबद्दल सारांची मतं फार कडक होती. त्याकडे येतेच.

सार कधीही प्रश्न विचारत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तूं नागपूरची. नवरा डॉक्टर. दोन मुलगे."

"नाही हो, साताऱ्याची," मी म्हटलं. "नवरा रेल्वेत आहे. आणि मुलगी एकच, ती तमिळ बोलते. माझ्यावर रागावली की इंग्रजी."

"सेरि," म्हणजे बरं, असं म्हणून ते कॉफी पीत राहिले. तेवढ्या वेळात माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळा मजकूर सांगून झाला. त्यांनी मला एकही गोष्ट विचारली नव्हती, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

रस्त्यातही तेच. व्हॅन वाट चुकली की सार काच खाली करून टपरीवाल्याला ठणकावून सांगत, "हा रस्ता तांबरमला जातो." मग टपरीवाला, त्याचं गिऱ्हाईक आणि सायकल पंक्चर झालेला एक गृहस्थ असे तिघं पुढे येत आणि कुठला रस्ता कुठे जातो, पूर्वी कुठे जात होता, मेट्रोच्या खोदकामाने काय झालं, हे सगळं समजावत. सार ड्रायव्हरकडे वळून म्हणत, "विचारलं असतं तर नुसतं बोट दाखवलं असतं."

त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितलं, "मज बघायला आले तेव्हां पहिलंच वाक्य काय बोलले असतील? 'मुलीस गाणं येत नाहीं म्हणे.' मी रागानें तीन पदं म्हटली. माझे वडील लाजून ओसरीवर निघून गेले."

"मग?"

"मग काय! मज गाणं येत नाहीं हें यांस कळलं."

ही खोड बँकेतून आली, असं सार म्हणत. "माणसास कोरी जागा दाखव, तो मुका होतो. 'आपलं नांव लिहा' म्हटलं की पेनाची शाई बघत बसतो. तेथें चुकीचं नांव लिहून ठेव. बघ कसा ओरडतो. आजोबाचं नांव, गांवाचं नांव, सगळं बाहेर." त्यांनी म्हणे एकदा खरोखरच असा फॉर्म छापून घेतला होता. वरिष्ठांनी तो गोदामात टाकला. आमच्या कचेरीत 'युजर' हा शब्दही त्यांनी स्वीकारला नाही. ते 'पाहुणा' म्हणत. "पाहुण्यास हें बटण सांपडणार नाहीं," असं त्यांनी मीटिंगमध्ये म्हटलं की नवी मुलं लॅपटॉपमागे हसत.

आमचे पाहुणे होते चेंगलपट्टूच्या पुढे, एका तळ्याच्या काठी राहणारे इरुळर आदिवासी. पूर्वी साप धरणारे, अजूनही झाडपाला जाणणारे. त्यांच्यातली कन्नियम्मा नावाची म्हातारी आसपासच्या पाच-सहा वस्त्यांची वैदू. आम्ही बनवलेलं अ‍ॅप घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने फोन उलटसुलट करून पाहिला आणि एकच गोष्ट विचारली, "हे सेल्वीच्या फोनमध्ये जाईल का?"

सेल्वी तिची मुलगी. ओरगडमला गाड्यांच्या वायरी बांधायच्या कारखान्यात कामाला. उजाडायच्या आत कंपनीच्या बसमध्ये बसायची, अंधारात परत यायची, जेवून झोपायची.

"माझ्या आईने मला रानात फिरवून फिरवून शिकवलं," कन्नियम्मा म्हणाली. "हिला फिरायला सवड कुठे? आणि मला आता दिसेनासं झालंय." तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता. पान ती चुरगळून नाकाशी धरी, मग नाव सांगे. "वर्ष, दोन वर्षं. मग मी नुसती बसून राहणार. हिला काही आलं नाही तर माझ्याबरोबर संपलं."

मानवजातीचं माहीत नाही, पण कन्नियम्माची अडचण ही अशी एका वाक्यात मावणारी होती.

आमचं अ‍ॅप मात्र मोठं देखणं होतं. हिरवी पार्श्वभूमी, मध्ये लाल माइक, खाली मी लिहिलेलं वाक्य: 'आपलं ज्ञान सांगा.' कन्नियम्माने माइक दाबला. आम्ही थांबलो. ती थांबली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "यात काहीच नाही. कशाबद्दल बोलू?" ते रेकॉर्डिंग अजून कंपनीकडे आहे. त्यात एका कोंबडीचा आवाज अतिशय स्वच्छ आला आहे.

उपाध्यक्षांनी अहवालात लिहिलं, 'समाज लाजाळू आहे.'

"लाजाळू नाहींत," सार व्हॅनमध्ये पुटपुटले. "आपण कांहीं बोललोंच नाहीं."

सारांनाही सगळं कळत होतं असं नाही. पडद्यावरचं बटण केवढं असावं याचं कंपनीचं एक ठरलेलं माप होतं. सारांचा त्यावर विश्वास नव्हता. ते बँकेतलं शाईचं पॅड घेऊन कचेरीभर हिंडले आणि प्रत्येकाचा अंगठा कागदावर उठवून घेतला. मनुष्यबळ विभागाने पत्र पाठवल्यावर थांबले. तेच पॅड त्यांनी वस्तीवर उघडलं. कडुनिंबाखाली वीसेक माणसं बसली होती. एकीला शेळी बांधायची आठवण झाली. एकीची चूल पेटलेली होती. एक म्हातारा काहीच न सांगता उठला. बघता बघता तिथे सार, मी आणि एक कुत्रा उरलो.

तो रविवार होता, सेल्वी घरी होती. ती सारांना म्हणाली, "अय्या," म्हणजे साहेब, "इथे अंगठ्याला शाई लागली की जमीन जाते. माझ्या आजोबांची अशीच गेली."

परतीच्या वाटेवर व्हॅन चुकली, तरी सारांनी काच खाली केली नाही. पुढच्या खेपेला ते एक कागद घेऊन आले. त्यावर त्यांच्या स्वतःच्या दहाही बोटांचे ठसे. तो कन्नियम्माच्या हातात देऊन म्हणाले, "हे माझे. तुमच्याकडे ठेवा."

तिने कागद डोळ्यांजवळ नेला, बोटाने चाचपला. "घर आहे का तुझं?"

"आहे. मैलापूरला."

"मग आता माझं," ती म्हणाली, आणि सगळी वस्ती हसली. तिने तो कागद शिताने दाराला चिकटवला. मग रांजणाजवळच्या ओल्या मातीत अंगठा दाबून म्हणाली, "हे माप घे. कागद नको." ते मातीचं ढेकूळ वाळवून सारांनी डब्यातून कचेरीत आणलं. आमच्या अ‍ॅपमधलं बटण त्या मापाचं आहे.

त्याच दिवशी सारांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने एक पान ठळक काढून तिच्या डोळ्यांजवळ धरलं आणि तमिळमध्ये जाहीर केलं, "या झाडाचं मूळ उकळून डोकेदुखीवर देतात."

कन्नियम्मा म्हणाली, "कोण गाढव म्हणालं?"

"पुस्तकात आहे."

"तप्पु!" म्हणजे चूक. तिने हाक मारून शेजारणीला बोलावलं. "अगं ए, ऐक, हा शिकलेला माणूस काय बोलतोय! मूळ म्हणे! उकळून म्हणे! अय्या, तुझी आई नव्हती का दोन फटके द्यायला?" आणि मग ते मूळ नाही, पान, उकळायचं नाही, वाटायचं, डोक्यावर नाही, सुजेवर, कोणत्या महिन्यात तोडायचं, कोणी तोडायचं नाही, आणि या शेजारणीच्या नवऱ्याने न ऐकता तोडलं तेव्हा त्याचं काय झालं, हे सगळं आलं. शेजारणीने नवऱ्यापुरती दुरुस्ती केली. मी लिहून लिहून थकले.

नवं अ‍ॅप असं झालं: प्रत्येक पडद्यावर एक चित्र, त्याखाली सारांचं एक धडधडीत चुकीचं विधान, लिहिलेलं आणि त्यांच्या आवाजात बोललेलंही, आणि त्याखाली कन्नियम्माच्या अंगठ्याएवढं एकच बटण, 'तप्पु'. दाबायचं आणि बोलायचं. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत छोटं वाक्य, आणि तेवढंच एक लोकांनी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हाताऱ्या बाया फोनसाठी भांडू लागल्या. चुकीची विधानं तयार करायला सार रात्रंदिवस झाडपाल्याची पुस्तकं वाचत. "बरोबर ठाऊक असल्याविना नीट चुकतां येत नाहीं," ते म्हणत. वस्तीवर त्यांना तप्पुअय्या म्हणू लागले आणि सार त्यावर फार खूश असत.

पाऊस होऊन गेल्यावर एकदा कन्नियम्मा आम्हाला तळ्याच्या बांधावर घेऊन गेली. तिने एक पान तोडून सारांना दिलं. "हे खोकल्यावर."

सारांनी मान डोलावली. "होय. तुम्ही रेकॉर्ड केलंय तसं."

कन्नियम्माने मांडीवर थाप मारली. "तप्पु! इतके महिने ऐकून घेतोयस आणि एकदाही भांडला नाहीस!"

तिच्या आईची शिकवायची पद्धत अशी होती. मुलीच्या हातात चुकीचं पान द्यायचं आणि वाट बघायची. मुलीने मान डोलावली तर गुपचूप घरी परत. मुलीने पान फेकून वाद घातला तर दुसरं पान. "मान डोलावणाऱ्याला काही येत नसतं," कन्नियम्मा म्हणाली.

"म्हणजे फोनमध्ये तुम्ही जे बोललात..." मी म्हटलं.

"काही खरं, काही खोटं."

"खोटं कोणतं?"

"सेल्वीला विचार. तिला कळलं तर कळलं."

"आणि कुणी चुकीचं औषध घेतलं तर?"

आता मात्र ती रागावली. "खोटी सांगितली ती सगळी भाजीची पानं. पोट भरेल, दुसरं काही होणार नाही. मी काय माणसं मारते?"

सार बांधावर बसून इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग एकदम हिरमुसले. "बँकेत सारी उमर गेली, मज वाटलं ही युक्ति माझी."

"सार, हे वरती सांगायला हवं," मी म्हटलं.

"तुज कोणी विचारलेलं नाहीं."

"नाही."

"मग?"

वरती सांगायची वेळ आलीच नाही, कारण वरचेच खाली आले. म्हणजे बाहेरच्या पाहुण्यांना, खऱ्याखुऱ्या पाहुण्यांना, कचेरीत अ‍ॅप दाखवायचा कार्यक्रम झाला. उपाध्यक्षांनी सहनिर्मिती, समावेशकता आणि मुळं या तीन शब्दांवर पाऊण तास काढला. मग पडदा लावला. पहिल्याच पडद्यावर सारांनी लिहिलेलं होतं की अमुक झाडाची साल चावली की टकलावर केस येतात. एका पाहुण्याने, ज्याला या विषयात वैयक्तिक रस होता, बारकाईने पाहिलं आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"अजिबात नाही," सार अभिमानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चुकीची माहिती असू शकत नाही. सगळी चुकीची विधानं काढा. 'तप्पु' हा शब्द नकारात्मक आहे, तोही काढा. समाजाचा अस्सल आवाज तेवढा ठेवा आणि प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे 'पडताळलेलं ज्ञान' अशी हिरवी खूण करा. पडताळणी कुणी केली, असं मी विचारलं. उपाध्यक्ष म्हणाले, "समाजाने." ते अर्धं खरं होतं.

मला वाटलं, सार आता भांडतील. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे माणसाला चूक दिसली तरी आता बोलायची सोय नाही."

"कोण म्हणतं?" उपाध्यक्ष ताठ बसले. "आपल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवायची सोय असते."

"असेल. पण इंग्रजीत टाइप करून."

"मुळीच नाही! तोंडी तक्रार करता येते. कोणत्याही भाषेत."

"आणि ती महिन्याभरात पुसून टाकत असतील."

"सार, आपल्याकडे तक्रार कधीच पुसली जात नाही," उपाध्यक्ष म्हणाले. आवाजात थोडं दुखावलेपण होतं. "कायम राहते. तारखेसकट. तक्रारदाराला हवी तेव्हा पुन्हा ऐकता येते."

"बटण मात्र बारकं," सार म्हणाले.

"बटण तुम्हाला हवं तेवढं करा!"

सारांनी हे सगळं लिहून घेतलं आणि उपाध्यक्षांची सही घेतली. मातीच्या ढेकळाचं माप वाया गेलं नाही; आता त्यावर 'तक्रार' असं लिहायचं होतं, आणि ते मी लिहिलं.

हे अ‍ॅप सेल्वीच्या फोनमध्ये गेलं. पुढचं मला तिनेच सांगितलं. एके पहाटे ओरगडमच्या बसमध्ये तिने कानात आईचा आवाज लावला, नुसता झोप येईपर्यंत. तिसऱ्या की चौथ्या पानाला ती ताडकन उठून बसली आणि ओरडली, "अम्मा खोटं बोलतेय!" सगळी बस जागी झाली. शेजारच्या मुलीला वाटलं, घरून काही वाईट बातमी आली. सेल्वीने ते हिरव्या खुणेचं ज्ञान पुन्हा ऐकलं, बटण दाबलं आणि कारखान्याचं फाटक येईपर्यंत तक्रार केली. ते पान खोकल्याचं नाही. खोकल्याचं पान मागून खरखरीत असतं. मी सात वर्षांची होते तेव्हा तूच मला तळ्याकाठी दाखवलं होतंस आणि आता काय म्हातारचळ लागलाय का?

"तुला हे सगळं येत होतं?" मी विचारलं.

"मला कुठे माहीत, मला येतंय म्हणून," ती म्हणाली. "मला राग आला."

मग रोजचं झालं. जाताना पाच-सहा पानं, येताना जाग असली तर दोन-तीन. रविवारी मायलेकी कडुनिंबाखाली बसून आठवड्याच्या तक्रारी ऐकत. तक्रार बरोबर असली की कन्नियम्मा काही बोलत नसे. चुकीची असली की "तप्पु!" आणि दोघी बांधावर जात. हळूहळू तिचं न बोलणं वाढत गेलं.

यंदा कन्नियम्माला पानं अजिबात दिसत नाहीत. वस्तीत कुणाला काही झालं आणि फार अडलेलं नसलं, तर लोक रविवारपर्यंत थांबतात. सेल्वीला सुट्टी रविवारची असते.

वर्षअखेरीच्या आढाव्यात कंपनीच्या सगळ्या अ‍ॅपमध्ये सर्वांत जास्त तक्रारी आमच्या अ‍ॅपवर निघाल्या. सारांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. त्यांच्या पत्रात 'कारण' हा रकाना होता, त्यात लिहिलं होतं: वापरणाऱ्यांचा तीव्र असंतोष. यादी सोबत जोडली होती.

सगळ्या तक्रारी एकाच फोनवरून आलेल्या होत्या.